प्राणहितेच्या खोऱ्यातील आद्य डायनोसॉर-काळ

ठाण्याहून भिवंडीकडे जाणारा जुना रस्ता बाळकुम सोडल्यावर उल्हास नदीच्या खाडीवरील पूल ओलांडतो आणि कशेळी गावात प्रवेश करतो. या परिसरात विहीर खणावी, इमारतीचा पाया घ्यावा किंवा जवळच्या डोंगराचा उतार न्याहाळावा. गाळाच्या आणि मुरुमाच्या थराखाली सर्वत्र एकच पाषाण हाती लागतो. तो म्हणजे काळा कातळ. भूशास्त्राच्या भाषेत त्यास बेसाल्ट किंवा असिताश्म म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून उसळलेला लाव्हारस थरांवर थर पसरत गेला, थिजला आणि त्यातून सह्याद्री व दख्खनचे पठार घडले. आपल्या राज्याचा सुमारे चार-पंचमांश भूभाग याच खडकाने व्यापलेला आहे.

डायनोसॉर या प्रचंड सरीसृपांचा अस्त ज्या काळात झाला, त्याच काळातील हा पाषाण होय. म्हणजे कशेळीचा कातळ डायनोसॉर-युगाच्या अखेरीचा साक्षीदार आहे. या युगाचा प्रारंभ त्याच्याही पूर्वी सोळा-सतरा कोटी वर्षे झाला होता. त्या प्रारंभकाळी पृथ्वीवरील हवामान कसे होते, कोणत्या वनस्पती वाढत होत्या, कोणते प्राणी वावरत होते, यांपैकी कोणत्याही प्रश्नाचे उत्तर हा कातळ देऊ शकत नाही. कातळ फोडून खाली गेल्यानेही ते सर्वत्र मिळत नाही. कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी जी खोल छिद्रे घेण्यात आली, त्यांपैकी रासाटी येथील छिद्रात सुमारे ९३० मीटर जाडीचा बेसाल्ट संपताच थेट अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. मधल्या काळातील गाळाचे थर तेथे आढळलेच नाहीत.

सुदैवाने महाराष्ट्राच्या पूर्व टोकास हा काळ्या कातळाचा विस्तार संपतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत, विशेषतः वर्धा, वैनगंगा, प्राणहिता व गोदावरी या नद्यांच्या खोऱ्यांत, त्याच्या पूर्वीचे गाळाचे खडक उघडे पडलेले आहेत. आद्य डायनोसॉर-काळाचा आपल्या राज्यातील पुरावा प्रामुख्याने येथेच, सिरोंचा तालुक्याच्या परिसरात, सापडतो. प्राणहितेच्या पलीकडे तेलंगणातही तेच खडक पुढे गेलेले आहेत. भूशास्त्रीय दृष्ट्या हे एकच खोरे असल्यामुळे प्रस्तुत लेखात दोन्ही काठांचा विचार एकत्र केला आहे.

काळाचे मोजमाप

कोट्यवधी वर्षांचे आकडे वाचताना मनात त्यांचे नीट चित्र उभे राहत नाही. शिक्षकांना शाळेच्या पटांगणावर किंवा गावच्या रस्त्यावर एक साधा प्रयोग करता येईल. २५२ मीटर लांबीची एक सरळ रेषा आखावी आणि एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षे असे प्रमाण धरावे. रेषेच्या आरंभबिंदूवर पर्मियन कल्प संपून ट्रायासिक कल्प सुरू होतो. सुमारे २२ मीटर अंतरावर आपल्या खोऱ्यातील पहिल्या ज्ञात डायनोसॉरांची खूण करावी. ५१ मीटरवर ट्रायासिक संपून जुरासिक कल्प लागतो. साठ ते ऐंशी मीटरच्या दरम्यान सिरोंचा परिसरातील कोटा येथील थर येतात. कशेळीच्या कातळाची खूण थेट १८६ मीटरवर पडते. आपल्या मानवजातीचा सारा इतिहास मात्र शेवटच्या तीस सेंटिमीटरांत मावतो.

या रेषेचा आरंभबिंदूही आकस्मिकपणे निवडलेला नाही. सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी आजच्या सायबीरियाच्या प्रदेशात प्रचंड लाव्हा-उद्रेक झाले. त्यांतून बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तापमान झपाट्याने वाढले, समुद्राच्या पाण्यातील प्राणवायू घटला आणि पृथ्वीच्या ज्ञात इतिहासातील सर्वांत मोठा जीवसंहार घडला. समुद्रातील बहुसंख्य जातींचा निर्वंश झाला, जमिनीवरील अरण्येही उद्ध्वस्त झाली. डायनोसॉरांचे पूर्वज या उजाड जगात पुढे आले.

चांद्याच्या भूमीतील बदलते ऋतुमान

जुन्या चांदा जिल्ह्याचे वैशिष्ट्य असे की, संहारापूर्वीचे आणि नंतरचे जग तेथे शेजारी शेजारी पाहावयास मिळते. चंद्रपूरजवळ इरई येथे प्राचीन हिमनद्यांनी घासून ओरखडे पाडलेला चुनखडक आहे. भारताची भूमी दक्षिण ध्रुवाच्या बाजूस असताना तिच्यावर बर्फाचे आवरण होते, याची ती खूण होय. बर्फ वितळल्यावर दलदलींची अरण्ये वाढली. ग्लॉसोप्टेरिस या जिभेच्या आकाराच्या पानांच्या वृक्षांचा पालापाचोळा त्यांत साचत गेला आणि त्याचाच पुढे दगडी कोळसा बनला. बल्लारपूर, चंद्रपूर आणि वणी येथील खाणींतून निघणारा कोळसा या पर्मियन कल्पातील आहे. डायनोसॉर तेव्हा अस्तित्वातच नव्हते.

संहारानंतर कोळसा एकाएकी नाहीसा होतो. ट्रायासिकच्या आरंभीच्या थरांत जगात कोठेही कोळशाचे उल्लेखनीय साठे सापडत नाहीत. ज्या वनस्पतींपासून तो तयार होत असे, त्या वनस्पतीच नष्ट झाल्या होत्या. त्याऐवजी दिसतात ते तांबूस-पिवळे वालुकाश्म. नागपूरजवळील कामठीचे नाव ज्या खडकांना मिळाले, ते याच संधिकाळातील आहेत.

या प्रदेशाच्या संशोधनाचा पाया नागपूर येथे राहिलेल्या रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी घातला. त्यांचे नाव आज नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयामुळे सर्वपरिचित आहे. त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासमवेत त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपूरच्या आसपासचा भूप्रदेश पालथा घातला. नागपूरच्या दक्षिणेकडील मांगली येथे मिळालेल्या एका रुंद, आखूड कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध केले आणि त्या प्राण्यास ब्रॅकिऑप्स असे नाव दिले. हा पाण्यात व काठावर राहणारा उभयचर प्राणी होता. योगायोगाची गोष्ट अशी की, ‘डायनोसॉर’ हा शब्द प्रथम योजणारे शास्त्रज्ञही हेच ओवेन होत.

याच खडकांच्या अभ्यासातून ‘गोंडवन’ हे नाव भूशास्त्रात रूढ झाले. गोंड राजांच्या प्रदेशावरून आलेले हे नाव पुढे भारत, आफ्रिका, मादागास्कर, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांच्या एकत्रित प्राचीन भूमीस देण्यात आले. जगभरच्या क्रमिक पुस्तकांत शिकविला जाणारा हा शब्द मूळचा आपल्या मध्य भारतातील आहे.

एकसंध भूमी आणि महामोसम

ट्रायासिक कल्पात पृथ्वीवरील जवळजवळ सर्व भूमी एकत्र जोडलेली होती. या महाखंडास पॅन्जिया म्हणतात. भारत त्याच्या दक्षिण भागात, विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेस होता. त्याच्या पश्चिमेस मादागास्कर आणि आफ्रिका, तर दक्षिण व पूर्व बाजूंस अंटार्क्टिका व ऑस्ट्रेलिया होते. हिमालय अस्तित्वात नव्हता, अरबी समुद्रही नव्हता. आज ज्या ठिकाणी कोकणची किनारपट्टी आहे, तेथून पश्चिमेस निघालेल्या प्राण्यास समुद्र न ओलांडता आफ्रिकेत पोहोचता आले असते.

एवढ्या विशाल भूमीचा हवामानावर कोणता परिणाम होईल, हे मोसमी पावसाच्या देशात राहणाऱ्या वाचकांस सहज समजेल. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरील बाष्पयुक्त वारे तिकडे ओढले जातात. हिवाळ्यात हा क्रम उलटतो. पॅन्जिया दोन्ही गोलार्धांत पसरलेला असल्यामुळे हा व्यापार प्रचंड प्रमाणावर चालत असे. शास्त्रज्ञ त्यास महामोसम म्हणतात. काही महिने मुसळधार पाऊस आणि उरलेले महिने कोरडे, असे टोकाचे ऋतुचक्र महाखंडाच्या मोठ्या भागात होते. समुद्रापासून दूर असलेल्या अंतर्भागात तर विस्तीर्ण वाळवंटे होती.

हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण आजच्यापेक्षा कित्येक पटींनी अधिक असावे, असा अंदाज आहे. ध्रुवांवर बर्फाची कायमची आवरणे नव्हती. पृथ्वी स्वतःभोवती किंचित जलद फिरत असल्याने दिवस आजच्यापेक्षा सुमारे एक तासाने लहान होता. जमिनीवर गवताचे एक पाते नव्हते आणि एकही फूल उमलत नव्हते, कारण सपुष्प वनस्पतींचा उदय व्हावयास अद्याप बराच अवधी होता. नेचे, सायकॅड, गिंको आणि सूचिपर्णी वृक्ष यांनीच भूमी हिरवी केली होती. दक्षिणेकडील प्रदेशांत डायक्रॉयडियम नावाच्या, दुभंगलेल्या पानांच्या वनस्पतींचे प्राबल्य होते.

तांबड्या मातीची साक्ष

हवामान डोळ्यांना दिसत नाही आणि त्याचा जीवाश्मही होत नाही. मग बावीस-तेवीस कोटी वर्षांपूर्वीच्या पर्जन्यमानाबद्दल विधान कशाच्या आधारे करावयाचे? त्याचे उत्तर खडकांच्या बारीक निरीक्षणात आहे.

तेलंगणातील मालेरी या गावावरून नाव पडलेले ट्रायासिकच्या उत्तरार्धातील थर मुख्यतः तांबड्या मातीचे आहेत. मातीतील लोहाचा हवेशी संयोग होऊन गंजासारखा लाल रंग येतो. सतत पाण्याखाली असलेल्या दलदलीत असे घडत नाही. त्यासाठी माती मधून मधून कोरडी पडावी लागते. याच मातीत चुन्याच्या गाठी आढळतात. आपल्या शेतकऱ्यांना असा कंकर चांगला परिचित आहे. पावसाळ्यात मुरलेले चुनायुक्त पाणी कोरड्या दिवसांत आटते आणि चुना मातीत गोळा होतो. म्हणजे लाल रंग आणि कंकर ही दोन्ही चिन्हे ओल्या व कोरड्या ऋतूंच्या आवर्तनाची आहेत. याच थरांत फुप्फुसमाशांचे दात सापडतात. हिस्लॉप यांनी ते प्रथम गोळा केले होते. पाणी कमी झालेल्या, कुंद डबक्यात हवेचा श्वास घेऊन हे मासे तग धरू शकतात. माती, चुना आणि मासा असे तीन स्वतंत्र साक्षीदार एकच हकिगत सांगतात, तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवता येतो.

त्या नद्यांच्या काठी वावरणारे बहुसंख्य प्राणी डायनोसॉर नव्हते. सर्वांत विपुल होता हायपरोडॅपेडॉन हा चोचीसारख्या जबड्याचा, डुकराएवढा शाकाहारी सरीसृप. त्याचेच जवळचे आप्त स्कॉटलंड, ब्राझील आणि टांझानिया येथील खडकांत मिळाले आहेत. एकाच कुळातील, पोहून समुद्र ओलांडू न शकणारे प्राणी इतक्या दूरच्या प्रदेशांत आढळावेत, हा त्या प्रदेशांच्या एकसंधतेचा उत्तम पुरावा होय. पाण्यात मगरीसारखा दिसणारा पॅरासूकस होता. त्याच्या जातीस हिस्लॉप यांच्या स्मरणार्थ ‘हिस्लॉपी’ हे नाव देण्यात आले. पॅरासूकसचे दोन सांगाडे असे मिळाले की, त्यांच्या पोटाच्या जागी मालेरीसॉरस या लहान सरीसृपाचे सांगाडे होते. बावीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे ते अखेरचे भोजन दगडात जसेच्या तसे राहिले होते.

या गर्दीत डायनोसॉर अल्पसंख्य आणि लहान होते. मालेरीच्या थरातील एका लहानशा डायनोसॉरचे वर्णन शंकर चटर्जी यांनी १९८७ मध्ये केले. आज तो अलवॉकेरिया या नावाने ओळखला जातो. त्याचा सांगाडा अपुरा आहे आणि त्यातील काही हाडे अन्य प्राण्यांची असावीत, असे मत नंतरच्या अभ्यासकांनी मांडले आहे. तथापि त्याच्या मांडीचे हाड डायनोसॉरचेच असल्याबद्दल बहुतेकांचे एकमत आहे. पुढे ज्या वंशाने पृथ्वीवर तेरा-चौदा कोटी वर्षे वर्चस्व गाजविले, त्याचा आरंभ असा नगण्य होता.

हवामानाने दिलेली संधी

हा नगण्य वंश प्रबळ कसा झाला? पूर्वी असे समजले जाई की, डायनोसॉर अधिक सामर्थ्यवान असल्यामुळे त्यांनी इतरांवर सरळ मात केली. आज मिळालेल्या पुराव्यावरून त्यांच्या उत्कर्षात हवामानातील स्थित्यंतरांचा वाटा मोठा होता, असे दिसते.

पहिले स्थित्यंतर सुमारे २३ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी घडले. एरवी कोरड्या असलेल्या जगात दहा-वीस लाख वर्षांचा एक अतिवृष्टीचा कालखंड आला. तो सरल्यावर वनस्पतींचे स्वरूप पालटले, हायपरोडॅपेडॉनसारख्या प्राण्यांची संख्या पुढे घटत जाऊन ते नामशेष झाले आणि डायनोसॉरांचे प्रमाण वाढू लागले. या वाढीतही प्रदेशपरत्वे भेद होता. विषुववृत्ताजवळ उष्णता, दुष्काळ आणि वणवे यांचा प्रकोप असल्याने मोठे शाकाहारी डायनोसॉर तेथे दीर्घकाळ स्थिरावू शकले नाहीत. दक्षिणेकडील समशीतोष्ण पट्ट्यात मात्र ते वाढले आणि भारत त्याच पट्ट्यात होता. मालेरी व त्यावरील धर्माराम थरांत लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरांचे अवशेष मिळतात, ते या निष्कर्षाशी जुळते.

दुसरे स्थित्यंतर अधिक भीषण होते. सुमारे २० कोटी १० लाख वर्षांपूर्वी पॅन्जिया दुभंगू लागला आणि आज जेथे अटलांटिक महासागर आहे त्या पट्ट्यात लाव्हाचे प्रचंड उद्रेक झाले. पुन्हा कार्बन डायऑक्साइड वाढला, पुन्हा तापमान चढले आणि पुन्हा जीवसंहार झाला. पॅरासूकसचे वंशज व मगरींचे अनेक आप्त त्यात संपले. डायनोसॉर वाचले. पाय शरीराच्या थेट खाली असल्याने त्यांची चाल कार्यक्षम होती. त्यांची श्वसनक्रियाही पक्ष्यांसारखी असावी, असे मानले जाते. उद्रेकांमुळे अधूनमधून येणाऱ्या कडक थंडीत अंगावरील पिसांसारखे आवरण उपयोगी पडले असावे, अशीही एक उपपत्ती आहे. कारण कोणतेही असो, जुरासिक कल्पाचा प्रारंभ झाला तेव्हा विस्तीर्ण भूमी त्यांच्यासाठी मोकळी झाली होती.

कोट्याचे सरोवर आणि टागोरांचे नाव

सिरोंच्याच्या उत्तरेस, प्राणहितेच्या डाव्या काठावर कोटा हे गाव आहे. येथील चुनखडकात मिळालेल्या एका माशाची माहिती कर्नल साइक्स यांनी १८५१ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध केली आणि ईगर्टन यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. जाड, चकचकीत खवल्यांच्या त्या माशाच्या जातीस ‘डेक्कनेन्सिस’ म्हणजे दख्खनचा, असे नाव मिळाले. तेव्हापासून कोटा हे नाव जगाच्या भूशास्त्रीय साहित्यात रूढ झालेले आहे.

कोट्याचे थर मुख्यतः जुरासिकच्या पूर्वार्धातील मानले जातात. खाली नद्यांनी वाहून आणलेले वालुकाश्म व गोटे, आणि वर सरोवरांच्या तळाशी साचलेला चुनखडक, अशी त्यांची रचना आहे. मालेरीच्या काळातील कोरडेपणा कमी होऊन येथे पाण्याची विपुलता आली होती. सरोवरांत मासे, काठाला कासवे व कीटक आणि सभोवार सूचिपर्णी व सायकॅडसदृश वृक्षांची वने, असे त्या काळचे चित्र उभे राहते.

या चित्रातील सर्वांत भव्य प्राण्याचा शोध कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने लावला. संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी लंडनच्या पामेला रॉबिन्सन यांना निमंत्रित करून १९५० नंतरच्या दशकात संस्थेत भूशास्त्रीय अध्ययनाचा विभाग सुरू केला. सांख्यिकीच्या संस्थेने जीवाश्मांकडे वळावे, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु निसर्गातील मोजमापाचा प्रत्येक विषय आपला आहे, अशी महालनोबिस यांची धारणा होती. १९५८ मध्ये सिरोंचा परिसरातील पोचमपल्ली गावाजवळ प्रचंड हाडे दृष्टीस पडली. १९६० व १९६१ मध्ये तेथे उत्खनन होऊन सुमारे ३०० हाडे मिळाली. ती किमान सहा प्राण्यांची होती. मांडीचे एक हाड १.७ मीटर, म्हणजे प्रौढ माणसाच्या उंचीएवढे भरले. १९७५ मध्ये सोहनलाल जैन, टी. एस. कुट्टी, तपन रायचौधुरी आणि शंकर चटर्जी यांनी या प्राण्याचे ‘बारापासॉरस टागोराय’ असे नामकरण केले. बंगालीत ‘बडो पा’ म्हणजे मोठा पाय. आणि १९६१ हे रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीचे वर्ष होते.

सुमारे १४ मीटर लांबीचा हा शाकाहारी प्राणी जगातील सर्वांत आरंभीच्या महाकाय डायनोसॉरांपैकी एक होय. हाडांच्या शेजारी मोठमोठ्या वृक्षांचे दगड झालेले ओंडकेही सापडले. त्यावरून, एखाद्या प्रलयंकारी पुरात हा कळप वृक्षांसह वाहून गेला असावा, असा अभ्यासकांनी निष्कर्ष काढला. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या सांख्यिकी संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे. पुढे तेलंगणातील यामनपल्ली येथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणास आणखी एका डायनोसॉरचे शेकडो अवशेष मिळाले. पी. यादगिरी यांनी १९८८ मध्ये त्यास ‘कोटासॉरस यामनपल्लीएन्सिस’ हे नाव दिले. त्याचा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात पाहता येतो.

मोठ्या हाडांप्रमाणेच अगदी लहान अवशेषही मोलाचे आहेत. कोट्याच्या थरातील माती चाळणीत धुऊन काढल्यावर तांदळाच्या दाण्याहून लहान असे दात मिळाले. ते प्रारंभीच्या सस्तन प्राण्यांचे आहेत. त्यांपैकी एकास ‘कोटाथेरियम हाल्डेनाय’ हे नाव १९८१ मध्ये देण्यात आले. त्यात कोटा हे गाव आणि भारतात येऊन स्थायिक झालेले जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन या दोघांची स्मृती आहे. महाकाय डायनोसॉरांच्या पायांखाली लपूनछपून राहणाऱ्या या उंदरासारख्या जीवांच्या गोतावळ्यातूनच कालांतराने माणसापर्यंत पोहोचणारी सस्तन प्राण्यांची परंपरा विस्तारली.

आजच्या काळास बोध

या इतिहासातून काहीजण असा निष्कर्ष काढतात की, पृथ्वी पूर्वीही उष्ण होती, तेव्हाही जीवसृष्टी नांदत होती; मग आजच्या तापमानवाढीची चिंता कशास? वरील पुरावा नीट पाहिल्यास या युक्तिवादातील उणीव लक्षात येते. उष्ण पण स्थिर हवामानात जीवसृष्टी लक्षावधी वर्षांत रुळली आणि बहरली. संहार घडले ते हवेतील कार्बन डायऑक्साइड थोड्या काळात वाढला तेव्हा. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० हून अधिक झाले आहेत आणि ही वाढ अवघ्या दोन-अडीच शतकांतील आहे. चंद्रपूरच्या कोळशात कोट्यवधी वर्षांपूर्वी बंदिस्त झालेला कार्बन आपण काही पिढ्यांत हवेत सोडीत आहोत. ट्रायासिकच्या अखेरीस जे ज्वालामुखींनी केले, त्याच जातीचे हे कार्य आहे. प्रत्येक संहारानंतर जीवसृष्टी पुन्हा सावरली, हे खरे; पण तिला सावरण्यास लाखो वर्षे लागली आणि पूर्वीचे प्रबळ वंश परत आले नाहीत.

वारशाचे रक्षण : गावाची जबाबदारी

बारापासॉरसची तीनशे हाडे मिळाली, पण त्याची कवटी मिळाली नाही. काही सुटे दात तेवढे सापडले. कोटासॉरसची कवटीही उपलब्ध नाही. प्राण्याचे अन्न, ज्ञानेंद्रिये आणि मेंदू यांविषयीची माहिती प्रामुख्याने कवटीतून मिळते. असा एखादा अवशेष पुढे उघडा पडेल, तो नांगराच्या फाळास, तलावाच्या खोदाईत, रस्त्याच्या खडीत किंवा पुराने ढासळलेल्या नदीकाठावर. त्या क्षणी तेथे शास्त्रज्ञ नसतो. तेथे शेतकरी, मजूर, गुराखी, वनरक्षक किंवा शाळेतील मूल असते. अवशेष टिकणार की खडीत जाणार, याचा निर्णय त्यांच्या हातून होतो.

यासाठी एक मूलभूत गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. वर पाहिल्याप्रमाणे प्राचीन हवामानाचे वाचन केवळ हाडावरून होत नाही. हाड कोणत्या थरात होते, त्याभोवती माती तांबडी होती की करडी, कंकर होता की वाळू, शेजारी लाकूड होते काय, या सर्वांवरून ते होते. म्हणून मूळ जागेवरून उचलून घरी वा कचेरीत आणून ठेवलेला जीवाश्म आपल्या माहितीचा मोठा भाग गमावून बसतो. सद्भावनेने केलेला संग्रहही अशा रीतीने हानी करू शकतो.

ग्रामपंचायती, शिक्षक आणि क्षेत्रीय अधिकारी यांनी पुढील साध्या गोष्टी कराव्यात. हाडासारखा किंवा लाकडासारखा दिसणारा जड दगड आढळल्यास तो हलवू नये, फोडू नये आणि पाण्याने धुऊ नये. त्याच्या शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे आणि जागेची नोंद गट क्रमांकासह करावी. खोदकाम चालू असल्यास तेवढा भाग सोडून काम पुढे न्यावे. तहसीलदार किंवा वनाधिकारी यांच्यामार्फत नागपूर येथील भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयास अथवा राज्याच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयास कळवावे. शाळांनी आपल्या गावचा खडक कोणत्या काळातील आहे, ही माहिती भूगोलाच्या तासाला द्यावी. गावाच्या सीमेतील अशा जागांची यादी ग्रामसभेपुढे ठेवल्यास त्यांच्या रक्षणास मदत होईल.

सिरोंचा तालुक्यातील वडदम येथे वन विभागाने जीवाश्म उद्यान उभारून या दिशेने पाऊल टाकले आहे. तेथे प्राचीन वृक्षांचे दगड झालेले बुंधे त्यांच्या मूळ भूमीतच पाहता येतात. अशा उद्यानांमुळे विद्यार्थ्यांना शिक्षण आणि स्थानिकांना रोजगार मिळू शकतो. परंतु कोणतेही उद्यान कुंपणाच्या आतीलच वारसा सांभाळू शकते. खोऱ्यातील बहुतांश अवशेष शेतांत, नाल्यांत आणि रानांत विखुरलेले आहेत.

या संशोधनात गावांचा वाटा किती मोठा आहे, हे नावांवरूनच दिसते. मालेरी, कोटा, यामनपल्ली या गावांप्रमाणेच नंबाल आणि जाकलापल्ली ही नावेही २०११ मध्ये दोन नव्या डायनोसॉरांना देण्यात आली. २००७ मध्ये नामकरण झालेला प्रधानिया हा डायनोसॉर तर कोणा प्राध्यापकाचे नाव धारण करीत नाही. सांख्यिकी संस्थेसाठी वर्षानुवर्षे रानोमाळ हिंडून जीवाश्म गोळा करणारे धुइया प्रधान यांच्या गौरवार्थ ते ठेवण्यात आले. बारकाईने पाहणारी नजर आणि सापडलेली वस्तू जपण्याची शिस्त यांना विज्ञान असा मान देते.

संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे जतन करणे आणि वैज्ञानिक दृष्टिकोन अंगी बाणवणे, ही नागरिकांची मूलभूत कर्तव्ये १९७६ मध्ये भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ५१-क मध्ये समाविष्ट झाली. मंदिरे, लेणी आणि किल्ले यांचे जतन त्या कर्तव्यात येते, हे आता सर्वमान्य आहे. प्राणहितेच्या काठची तांबडी माती आणि तीतील दगडी हाडेही त्याच कर्तव्याच्या कक्षेत येतात. पडलेला बुरूज पुन्हा बांधता येतो. खडीत गेलेली कवटी मात्र कोणत्याही खर्चाने परत मिळविता येत नाही.